रक्तवाहिनीचे अस्तर आणि जीवनसत्त्वांची गोळी



समता कॉलोनीतील परिचित मंडळी मला हल्ली वारंवार विचारतात, "डॉक्टर, हृदयाच्या धमन्या सुधारतील असे एखादे जीवनसत्त्व नाही का?" प्रश्न अडाणीपणाचा मुळीच नाही.

रक्तवाहिनीच्या आत पेशींचे एकपदरी अस्तर असते. त्या पेशी नायट्रिक ऑक्साइड हा वायू निर्माण करतात आणि वाहिनी सैलावते. या शोधास १९९८ चे नोबेल पारितोषिक लाभले. हा वायू घडविणाऱ्या विकरास टेट्राहायड्रोबायोप्टेरिन नावाचा सहघटक लागतो. तो उणा पडला की तेच विकर अस्तराला घातक असे ऑक्सिजनचे रेणू निर्माण करू लागते. मग सहघटकच पोटातून द्यावा, हा विचार स्वाभाविक होता. ऑक्सफर्डमध्ये हृदयधमनीविकाराच्या ४९ रुग्णांवर तसा प्रयोग झाला. २०१२ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष निराशाजनक होता : औषधाचे शरीरात ऑक्सिडीभवन होऊन ते निरुपयोगी ठरले आणि वाहिन्या होत्या तशाच राहिल्या.

दुसरी आशा होती फॉलिक आम्लाची. त्याच्या शोधाचा आरंभ आपल्या मुंबईतला. गिरणीकामगार गर्भवतींच्या रक्तक्षयावर ल्युसी विल्स यांना यीस्टच्या अर्कात उतारा सापडला, तो १९३१ च्या सुमारास. फॉलिक आम्ल आणि बी-१२ मिळून होमोसिस्टीन या द्रव्याचा निचरा करतात. ते साचले तर रक्तवाहिनीच्या अस्तराला बाधते. पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी ४४१ पुरुष तपासले, तेव्हा ६७ टक्क्यांमध्ये बी-१२ कमी आढळले. शहरी मध्यमवर्गात तर ८१ टक्के! आपल्या शाकाहारी घरांनी हा आकडा विसरू नये.

तथापि २००६ मध्ये ५,५२२ रुग्णांच्या मोठ्या चाचणीचा निकाल आला. पाच वर्षे ही जीवनसत्त्वे देऊन होमोसिस्टीन उतरले, पक्षाघात काहीसे घटले. पण हृदयविकाराचे झटके आणि त्यामुळे होणारे मृत्यू कमी झाले नाहीत. रक्तातील आकडा सुधारणे आणि रोगी वाचणे यांत अंतर असते, हे मला तरी या चाचणीने पटविले.

म्हणून विनंती अशी की, बी-१२ अवश्य तपासा आणि कमी असल्यास घ्या. रक्त व मज्जातंतूंसाठी ते हवेच. मात्र त्याच्या भरवशावर रक्तदाबाची किंवा कोलेस्टेरॉलची गोळी बंद करू नका. नुसते फॉलिक आम्ल घेणाऱ्यांनी तर आधी बी-१२ पाहावे. फॉलिक आम्लाने रक्तक्षय सुधारलेला दिसतो, पण बी-१२ अभावी मज्जातंतूंची हानी आत निमूटपणे चालूच राहते.