शब्द दिला आहे, तो पाळा!
(देहूरोड येथील सभेत केलेले भाषण)



२५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी याच गावात बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. त्या भूमीवर आम्ही आज एक हिशेब मांडायला उभे आहोत. महाराष्ट्र एक झाला, तो कोणी कोणाला काय शब्द देऊन?

पुष्कळांना वाटते, इंग्रज गेला आणि मराठी माणूस आपोआप एक झाला. छे! एका आईची लेकरे तीन घरी वाढली होती. एक मुंबई इलाख्यात, दुसरे मध्यप्रांत-वऱ्हाडात, तिसरे निजामाच्या राज्यात, तेही सप्टेंबर १९४८ पर्यंत. कायदे निराळे, सारा निराळा, कचेरीची भाषा निराळी. मग विदर्भाने विचारले, "कापूस आमचा, गिरण्या तुमच्या, आता कारभारही तुमचाच का?" प्रश्न रास्त होता.

म्हणून बोलणी झाली. ८ ऑगस्ट १९४७ ला अकोल्यात ठरले की एका प्रांतात दोन उपप्रांत आणि दोघांची विधिमंडळे वेगळी. पुढे २८ सप्टेंबर १९५३ ला नागपूर करार झाला. खर्चाची वाटणी लोकसंख्येच्या प्रमाणात, नोकऱ्यांत आणि शिक्षणात न्याय्य वाटा, दरसाल विधिमंडळाचे एक अधिवेशन नागपुरात! मराठवाडा तर बिनशर्त आला, असे तिकडचे लोक आजही अभिमानाने सांगतात.

दिल्लीला मात्र हे पटेना. १९५५ साली फाजलअली आयोगाने विदर्भ वेगळा काढायला सांगितले. त्याच वर्षी बाबासाहेबांनीही मराठी मुलखाची चार राज्ये सुचवली होती. मोठ्या राज्यात लहानाचे काय होईल, ही चिंता खोटी नव्हती. तरीही त्यांचा शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन पक्ष संयुक्त महाराष्ट्र समितीत खांद्याला खांदा लावून लढला. १९५६ चे द्वैभाषिक आले, शंभरावर माणसे हुतात्मा झाली, १९५७ च्या निवडणुकीने दिल्लीला हादरवले, तेव्हा कुठे १ मे १९६० उजाडला.

जगाचा दाखला घ्या. ब्रिटिश कोलंबियाची वसाहत १८७१ साली कॅनडाच्या संघात आली ती रेल्वेच्या बोलीवर. दहा वर्षांत पुरी करू म्हणाले, पण उशीर झाला, आणि १८७८ साली तिथल्या विधिमंडळाने फुटून निघण्याचा ठराव केला! १८८५ ला रूळ जुळले, तेव्हा संघ टिकला.

आमचे रूळ जुळले का? घटनेच्या ३७१ व्या कलमात विकास मंडळांची तरतूद १९५६ साली झाली. मंडळे उभी राहायला १९९४ साल उजाडले, आणि ३० एप्रिल २०२० ला त्यांची मुदतही संपली. नागपूरचे अधिवेशन येते ते पाहुण्यासारखे, बिछाना गुंडाळूनच!

म्हणून आमचे सांगणे एवढेच. विदर्भाचा माणूस चिडून बोलला, तर त्याला फुटीर म्हणू नका. आधी कराराचा कागद काढून वाचा. चंद्रपूरला आणि बीडला दिलेला शब्द आपण पाळला नाही, तर बेळगाव-निपाणीच्या बांधवांना कोणत्या तोंडाने "या" म्हणणार?

एकी रक्ताने मिळाली, बंधूंनो. टिकेल ती शब्द पाळल्यानेच.

जय महाराष्ट्र!