नशिबाचे इंग्रजी शब्द
(वर्धापनदिनाच्या सभेत झालेले भाषण)



पाककृतींवर बोलणाऱ्या आपल्यात पुष्कळजणी आहेत. माझ्या वाट्याला चिटणीसबाईंनी इंग्रजी दिले. 'वाट्याला' हा शब्द सहज तोंडी आला, पण आजचा विषय त्यातच आहे. आपल्या 'भाग्या'त 'भाग' आहे, म्हणजे वाटा. किस्मत आणि नशीब हे अरबीतून आले. त्यांचाही मूळ अर्थ हिस्सा असाच. इंग्रजीत म्हणतात 'लॉट'. पूर्वी वाटण्या करताना लाकडाचे तुकडे वगैरे टाकून ज्याचा त्याचा हिस्सा ठरवीत, त्या तुकड्याचे हे नाव. लॉटरी त्याच कुळातली. थोडक्यात, दैव म्हणजे वाढपी. पानात पडेल ते आपले.

'फेट'चे तसे नाही. लॅटिन 'फातुम' म्हणजे 'जे बोलले गेले ते', देवाच्या मुखातून निघाले ते. आपली सटवाई सहाव्या रात्री येऊन कपाळी लिहून जाते, म्हणून आपण कोरा कागद आणि लेखणी ठेवतो. रोमन लोकांचे दैव मात्र बोलत असे. याच मुळातून प्राणघातक या अर्थाचा 'फेटल' आला, आणि फ्रेंचमधून वळसा घेऊन 'फेअरी', म्हणजे परीही आली. एकाच घरात परी आणि मरण! 'डूम' म्हणजे मुळात न्यायनिवाडा. इंग्लंडमध्ये १०८६ साली राजाने जमीनजुमल्याची मोजदाद केली, त्या दप्तराला लोकांनी 'डूम्सडे बुक', कयामतीच्या दिवसाचे पुस्तक, असे नाव दिले. कारण त्यातल्या नोंदीवर दाद मागण्याची सोयच नव्हती.

बोलण्यात मात्र या शब्दांची पंगत वेगवेगळी बसते. 'फेट' बहुधा वाईट बातमीबरोबर येते. 'डेस्टिनी' मोठ्या माणसांच्या चरित्रात. बस चुकली तर साधे 'बॅड लक'. हे 'लक' इंग्रजीत डच-जर्मन बाजूने आले, बहुधा जुगाऱ्यांच्या तोंडून.

मला स्वतःला आवडतो तो 'हॅप'. हॅप म्हणजे योगायोग. त्यावरून 'हॅपन', 'पर्‍हॅप्स', 'मिसहॅप', आणि 'हॅपी'सुद्धा! हॅपी म्हणजे आधी नशीबवान. सुखी हा अर्थ मागाहून आला. 'वीअर्ड'ची गंमत उलट आहे. जुन्या इंग्रजीत तो शब्द म्हणजे दैवच. शेक्सपिअरच्या 'मॅक्बेथ' नाटकातील तीन चेटकिणींना 'वीअर्ड सिस्टर्स' म्हटले आहे, म्हणजे दैव जाणणाऱ्या. त्या बायका विचित्र, म्हणून पुढे शब्दाचा अर्थच विचित्र असा झाला. भविष्य सांगणारा पुरुष ज्योतिषी, आणि बाई विचित्र, असो.

माझी एक मावशी लग्नानंतर दोन वर्षांत विधवा झाली. सासरी तिला 'पांढऱ्या पायाची' म्हणत. कोणाचे दुभते जनावर आटले तरी बोल तिलाच. पुढे चाळिशी उलटल्यावर ती माझ्याजवळ बसून इंग्रजी शिकली. एके दिवशी तिने विचारले, "पांढऱ्या पायाचीला साहेबाच्या भाषेत काय म्हणतात गं?" मी म्हटले, त्यांच्यात तसा शब्द नसावा. तिला फार बरे वाटले.

पण मला राहवेना. शोधले तेव्हा 'जोना' सापडला. बायबलातला हा संदेष्टा देवाची आज्ञा मोडून गलबतात बसला. वादळ उठले, खलाशांनी चिठ्ठ्या टाकल्या आणि चिठ्ठी त्याच्या नावाची निघाली. म्हणजे पुन्हा तो 'लॉट'च. त्याला समुद्रात टाकल्यावर वादळ शमले. तेव्हापासून ज्याच्या पायगुणाने जहाजावर संकट येते अशी समजूत असते, त्याला खलाशी 'जोना' म्हणतात.

मावशीला सांगावे की नाही, या विचारात मी आठवडा घालवला. शेवटी सांगितले. ती वही मिटून म्हणाली, "म्हणजे त्यांच्यातही कोणाला तरी पाण्यात टाकावंच लागतं!" मग जरा थांबून, "पण तो पुरुष होता ना? आणि वाचला का?" वाचला, मी म्हटले; मोठ्या माशाने गिळला आणि तिसऱ्या दिवशी किनाऱ्यावर ओकून टाकला. तिने वही पुन्हा उघडली आणि तो शब्द अर्थासकट उतरवून घेतला.

मंडळाच्या कपाटात इंग्रजी कोश आहे. ज्यांना यातले काही ताडून पाहावयाचे असेल त्यांनी तो जरूर न्यावा. मात्र वहीत नाव लिहून.