समावेशक शिक्षण : ज्ञानदान आणि अभयदान

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त आयोजित केलेल्या शिक्षक प्रबोधन शिबिरातील उद्घाटनपर भाषण)



सुवर्णमहोत्सव म्हटला की शोभायात्रा, सत्कार आणि नव्या वास्तूची कोनशिला या गोष्टी ओघाने येतात. त्या आनंदाच्याच आहेत. परंतु या वर्षात शिक्षकांच्या शिक्षणासाठी एक शिबिर भरवावे, असे विश्वस्तांना वाटले, याचे मला विशेष मोल वाटते. ‘समावेशक शिक्षण आणि बालविकास’ हा विषय मला दिला आहे. विषय मोठा आहे. म्हणून त्यातील एकच गोष्ट मी आज आपल्यापुढे ठेवणार आहे. ‘याला काहीच येत नाही’ हे वाक्य आपल्या शाळेतून कायमचे कसे जाईल, ती ही गोष्ट.

प्रथम ‘समावेशक’ या शब्दाचा अर्थ पाहू. एके काळी अंध, मूकबधिर, मतिमंद असे शिक्के मारून मुलांना वेगळ्या शाळेत पाठविणे एवढाच मार्ग समाजाला ठाऊक होता. पुढे अशा मुलांना सर्वसाधारण शाळेत बसू देण्याचा विचार आला. पण जुळवून घेण्याचा भार मुलावरच राहिला. १९९४ साली स्पेनमधील सालामांका येथे ९२ देशांची सरकारे आणि २५ आंतरराष्ट्रीय संघटना एकत्र आल्या आणि त्यांनी हा विचार उलटा केला. मुलाने शाळेला जुळवून घ्यावे असे नव्हे, तर शाळेने मुलाला जुळवून घ्यावे. समावेशक शिक्षणाचे सार एवढेच आहे.

आपल्या देशात १९९५ च्या कायद्याने सात प्रकारच्या अपंगत्वाची नोंद घेतली होती. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात हे प्रकार एकवीस झाले आणि १९ एप्रिल २०१७ पासून तो अमलात आला. शासनमान्य शाळांनी भेदभाव न करता अशा मुलांना प्रवेश द्यावा, त्यांच्या गरजेनुसार सोयी कराव्यात आणि अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखून अध्यापनाचे योग्य उपाय योजावेत, अशी जबाबदारी या कायद्याच्या सोळाव्या कलमाने टाकली आहे. २७ जानेवारी २०१४ रोजी जैन समाजाला राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक दर्जा मिळाला. तेव्हापासून कोणता कायदा आपल्या शाळांना लागू आणि कोणता नाही, याची चर्चा आपल्या बैठकांतून होत असते. माझी नम्र विनंती अशी की, मुलाला दारात उभे करून आपण कायद्याची कलमे चाळू नयेत. अल्पसंख्याक दर्जा आपल्या मूल्यांच्या जपणुकीसाठी आहे आणि जीवमात्राविषयीची करुणा हेच आपले पहिले मूल्य आहे.

या एकवीस प्रकारांकडे नीट पाहिले तर एक गोष्ट लक्षात येते. चाकांच्या खुर्चीत बसलेले मूल सर्वांना दिसते. परंतु मंददृष्टी, अंशतः कमी ऐकू येणे, स्वमग्नता, अध्ययन अक्षमता या गोष्टी चटकन दिसत नाहीत. त्या जाणवतात त्या रोज पाच-सहा तास मुलाच्या सहवासात असणाऱ्या शिक्षकाला. मात्र त्याने बालविकास जाणला असेल तर.

बालविकासाचा पहिला धडा असा की, वाढीला क्रम असतो, पण एकच वेग नसतो. नवव्या महिन्यात चालणारे आणि पंधराव्या महिन्यात चालणारे अशी दोन्ही मुले निरोगी असू शकतात. दुसरा धडा असा की, एकाच मुलाची भाषा, हालचाल, भावना आणि मैत्री या सर्व बाजू सारख्या गतीने वाढत नाहीत. तिसरीतील एखादे मूल डोळ्यांसमोर आणा. ते तोंडी हिशेब अचूक करते, गोष्ट रंगवून सांगते. परंतु पुस्तक उघडले की ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांत गोंधळते, वेलांटी-मात्रा गाळते, रफार किंवा जोडाक्षर आले की अडखळते. फळ्यावरचे उतरवून घेताना त्याची ओळ चुकते. वहीवर लाल शाईचा शेरा पडतो, ‘आळशी आहे, लक्ष देत नाही’. घरी तो शेरा वाचून मार मिळतो. वस्तुतः ते मूल इतरांपेक्षा दुप्पट कष्ट करीत असते.

अशा वेळी शिक्षकाने निदान करावयाचे नाही. ते तज्ज्ञांचे काम आहे. शिक्षकाने निरीक्षण करावयाचे आहे. मूल फळ्याकडे डोळे बारीक करून पाहते का? मागून हाक मारली तर वळते का? त्याचा कान वारंवार फुटतो का? डोळे आणि कान तपासून घेतल्यावरही वाचनातील अडचण राहते का? ती कोणत्या अक्षरांशी, किती दिवसांपासून आहे? अशी चार महिन्यांची तारीखवार नोंद पालकांच्या आणि डॉक्टरांच्या हाती दिली, तर ती शंभर शेऱ्यांपेक्षा मोलाची ठरते. २०२२ साली राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेने, म्हणजे एनसीईआरटीने, शाळेतील प्राथमिक चाचपणीसाठी ‘प्रशस्त’ नावाचे साधन शिक्षकांच्या हाती दिले, तेही याच हेतूने. दहावीच्या परीक्षेत अध्ययन अक्षम विद्यार्थ्याला वाढीव वेळेसारख्या सवलती मिळतात. पण अडचण दहावीतच उमगली, तर मधल्या आठ-नऊ वर्षांच्या मानहानीची भरपाई कोणती सवलत करील?

आता थोडे आपल्या सिद्धांताकडे वळू. दिव्यांग मूल जन्मले की ‘पूर्वकर्म’ असे म्हणून सुस्कारा टाकणारी माणसे आपल्या समाजात आहेत. त्या एका शब्दाने माता अपराध्यासारखी होते आणि शिक्षक निश्चिंत होतो. परंतु कर्मसिद्धांत आपण पुरता वाचतो का? ज्ञान हा आत्म्याचा स्वभाव आहे. ज्ञानावरणीय कर्म त्या ज्ञानाला झाकते. नष्ट करू शकत नाही. सूक्ष्म निगोदी जीवाच्या ठिकाणीदेखील ज्ञानाचा अल्पसा अंश उघडा असतोच, असे आपले आचार्य सांगतात. मग समोर बसलेल्या मनुष्यपर्यायातील बालकाविषयी ‘याला काहीच येत नाही’ असे म्हणणे हे शास्त्राच्याही विरुद्ध आहे. आवरणाचा क्षयोपशम होतो आणि त्याला बाह्य निमित्तही लागते. शिक्षक हे ते निमित्त आहे.

रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह व्हिगॉट्स्की हेही वेगळ्या वाटेने याच ठिकाणी आले. मूल एकट्याने काय करू शकते एवढेच पाहू नका, थोड्या मदतीने काय करू शकते तेही पाहा, कारण त्या दोहोंमधील अंतरातच शिकणे घडते, असे त्यांचे प्रतिपादन होते. म्हणून ‘काहीच येत नाही’ या वाक्याच्या जागी शिक्षकाने दोन प्रश्न ठेवावेत : याला आज काय येते? आणि माझ्या मदतीने उद्या काय येईल?

हे प्रश्न विचारण्याची सवय मात्र एका भाषणाने लागत नाही. आजचे माझे भाषण म्हणजे प्रशिक्षण नव्हे. ती फार तर नांदी आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकाने वर्षाकाठी किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत, अशी अपेक्षा ठेवली आहे. शाळेचे दहा महिने धरले तर महिन्याला पाच तास होतात. हे तास हजेरीपत्रकावर सही करण्यात आणि चहापानात संपले, तर वर्गात काहीही बदलणार नाही. त्यातील निम्मे तास तरी आपल्याच शाळेत, आपल्याच मुलांविषयी बोलण्यात जावेत. महिन्यातून एकदा एका मुलाची वही, चित्रे आणि नोंदी मध्ये ठेवून सर्व शिक्षकांनी बसावे.

येथे आपल्याला हत्तीचा दृष्टांत आठवेल. अनेकांत समजावताना आपण तो नेहमी सांगतो. त्या कथेत माणसे अंध असली, तरी एकच बाजू पाहून निर्णय देण्याची खोड डोळसांनाच अधिक असते. गणिताचे गुरुजी म्हणतात, मूल हुशार आहे. भाषेच्या बाई म्हणतात, मागे आहे. खेळाचे शिक्षक सांगतात, ते संघाला जोडून ठेवते. आई सांगते, रात्री दचकून उठते. यातील प्रत्येक विधान खरे आहे आणि प्रत्येक अपुरे आहे. ती सर्व एकत्र आली की मूल दिसू लागते. मग एखादा बदल ठरवावा, तीन आठवडे करून पाहावा आणि पुढच्या बैठकीत काय झाले ते सांगावे. शिक्षकांच्या खोलीत अनेकांत जगण्याची ही रीत आहे.

‘अशा मुलांमुळे आमच्या मुलांचा अभ्यास मागे पडेल’ ही पालकांची भीतीही मी टाळणार नाही. मारिया मॉंटेसरी यांनी आपल्या कार्याचा आरंभ रोममध्ये मतिमंद म्हणून बाजूला टाकलेल्या मुलांपासून केला. तेथे कसाला लागलेली साधने आणि पद्धती १९०७ साली त्यांनी सर्वसाधारण मुलांच्या बालगृहात वापरल्या, आणि पुढे त्या जगभर गेल्या. मागे राहिलेल्या मुलासाठी शोधलेली वाट सर्वांनाच सोपी जाते. सूचना तोंडी देऊन फळ्यावरही लिहिणे, मोठा धडा तुकड्यांत शिकविणे, उत्तरासाठी थोडे थांबणे, कृतीतून शिकविणे, यांत कोणत्या मुलाचे नुकसान आहे? आपल्याच ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम उभे केले. मुले शाळेपर्यंत येत नाहीत असे दिसताच त्यांनी शाळा मुलांच्या अंगणापर्यंत नेली.

मात्र सारा भार शिक्षकावर टाकून विश्वस्तांना मोकळे होता येणार नाही. पन्नास-साठ मुलांच्या वर्गात एकट्या शिक्षकाने हे करावे, ही अपेक्षा अन्यायाची आहे. काही मुलांना वाचा-उपचार, भौतिकोपचार किंवा विशेष शाळेचीच मदत लागेल. तेही मान्य केले पाहिजे. म्हणून विश्वस्त मंडळाला माझी विनंती आहे की, शिक्षकांच्या बैठकीसाठी वेळापत्रकात तास राखून ठेवावा, विशेष शिक्षकाची नियमित भेट ठरवावी आणि त्यासाठी अंदाजपत्रकात कायमची तरतूद करावी. आपल्या समाजात जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्थेचा विस्तार करताना १९३५ साली साताऱ्यात शिक्षक घडविणारे ट्रेनिंग कॉलेज काढले. शाळा भिंतींनी नव्हे, शिक्षकांनी उभी राहते, हे त्यांनी ओळखले होते. आपल्या पाठशाळेलाही हीच दृष्टी हवी. पर्युषण पर्वातील पाठांतर स्पर्धेत ज्याला स्तोत्र मुखोद्गत होत नाही, पण जो चित्रातून तीर्थंकरांची लांछने ओळखतो, त्यालाही व्यासपीठावर जागा असावी.

१९७५ साली जयपूर येथे भगवान महावीर विकलांग सहायता समिती स्थापन झाली आणि कृत्रिम पाय बसवून असंख्य माणसे चालू लागली. अशा शिबिरांना आपला समाज उदार हस्ते मदत करतो. पण त्या पायांनी चालत एखादे मूल शाळेच्या दारी आले, तर तेथे त्याला जागा आहे का, हे पाहणेही त्याच दानाचा उत्तरार्ध आहे.

आपल्याकडे आहार, औषध, ज्ञान आणि अभय अशी चतुर्विध दाने सांगितली आहेत. शाळा ज्ञानदान करते, असे आपण अभिमानाने म्हणतो. परंतु हसण्याची, शिक्षेची, मागे पडण्याची भीती ज्याच्या मनात आहे, त्या मुलापर्यंत ज्ञान पोहोचतच नाही. त्याला आधी अभय द्यावे लागते. जैन प्रतीकाखालचे सूत्र जीवांनी एकमेकांना साहाय्य करावे असे सांगते, आणि त्यात देणारा व घेणारा असे कायमचे दोन पक्ष नाहीत. ते मूल आपल्याकडून अक्षरे शिकेल; आपण त्याच्याकडून शिकविणे शिकू.

येत्या सोमवारी आपापल्या वर्गात गेल्यावर प्रत्येक शिक्षकाने एका मुलाचे नाव वहीच्या पहिल्या पानावर लिहावे आणि त्याखाली त्याला जे येते ते लिहावे. या शिबिराची तेवढी फलश्रुती मला पुरेशी आहे. 

जय जिनेंद्र.