दम्याचा पंप

दमा दमाबरोबरच जातो, असे आपल्याकडे म्हणतात. मी डॉक्टर नव्हे, भाषा शिकवणारा माणूस. पण गेली बारा वर्षे खिशात पंप घेऊन फिरतो, तेव्हा चार शब्द बोलायला हरकत नसावी.

चिंचवडला माझ्या संध्याकाळच्या वर्गात एक मुलगा येतो. दिवसा तो चाकणला मोटारींच्या रंगखात्यात काम करतो. आठवडाभर रात्री खोकला, छातीत शिट्टी. रविवारी मात्र बरा. "सर, सुट्टीला दमाही सुट्टी घेतो," तो म्हणाला. मला हसू आले नाही. मोटारींच्या काही रंगांत आयसोसायनेट नावाची द्रव्ये असतात. त्यांच्या फवाऱ्याने धडधाकट माणसालाही दमा जडू शकतो. अशा रोग्याने डॉक्टरांना आपले काम आधी सांगावे, मग खोकला.

मुलाजवळ निळा पंप होता. तोही लपवून ओढायचा. लग्न ठरायचे आहे ना! दम्यात श्वासनलिकांचे स्नायू आवळतात, शिवाय नलिका आतून सुजतात. निळ्या पंपातले साल्ब्युटामॉल, १९६९ सालापासूनचे, आवळलेले स्नायू काही मिनिटांत सैल करते. माणसाला वाटते, गेला दमा! सूज तशीच राहते. ती उतरवते पंपातले स्टिरॉइड. तेही १९७२ पासून आहे. स्टिरॉइड म्हटले की घरात घबराट. पण गोळीत ते मिलिग्रॅमने मोजतात, पंपात मायक्रोग्रॅमने, आणि ते थेट श्वासनलिकांत पोचते. ओढल्यावर चूळ भरून टाकावी, एवढे पथ्य. आणि पंपाची सवय लागते, हे खरे नव्हे.

२०१९ साली दम्यासंबंधी जगाला सल्ला देणाऱ्या 'जिना' या संस्थेने स्पष्टच सांगितले, की मोठ्या माणसाने नुसत्या निळ्या पंपावर राहू नये. आता स्टिरॉइड आणि फॉर्मोटेरॉल एकाच पंपात मिळतात. डॉक्टरांनी तशी योजना आखून दिली असेल, तर धाप लागली तरी तोच ओढायचा.

याने न आवरणाऱ्या तीव्र दम्यासाठी इंजेक्शने निघाली आहेत. ओमालिझुमॅबला अमेरिकेत २००३ साली मान्यता मिळाली, टेझेपेलुमॅबला २०२१ साली. सूज पेटवणारा नेमका घटकच ती अडवतात. किंमत मात्र कंत्राटी कामगाराच्या पगाराला न झेपणारी.

आमच्या मुलाला इंजेक्शनाची गरज नाही. त्याला नवा पंप मिळाला आहे, आणि हवी आहे रंगखात्यातून बदली. अर्ज मीच लिहून दिला. महिना झाला, तो साहेबांच्या टेबलावर आहे.