पडक्या देवळाचा हक्क



कऱ्हाकाठच्या या गावात मी आपलं मनापासून स्वागत करतो. ही बाबूजी नाईकांची बारामती, मोरोपंतांची बारामती. इथून पूर्वेला इंदापूर, मालोजीराजांच्या गढीचं गाव. आषाढीला तुकोबांची पालखी इथूनच जाते. बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी असे मुक्काम करत वारकरी ज्या विठ्ठलाकडे चालतात, तो विठ्ठल एकदा विजयनगरला नेला होता आणि पैठणच्या संत भानुदासांनी तो परत आणला, असं परंपरा सांगते. भानुदास म्हणजे संत एकनाथांचे पणजोबा. गेलेला देव परत आणायचा असतो, हे मराठी माणसाला कुणी नव्यानं शिकवायची गरज नाही. आपल्या पुरावस्तू कुणाच्या, त्या कुठे असाव्यात, या परिषदेच्या प्रश्नाशी आमचं असं जुनं नातं आहे.

२०२४ च्या जुलैत लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून वाघनखं साताऱ्यात आली. केवढी गर्दी लोटली! पण ती आली तीन वर्षांच्या बोलीवर, उसनी. साताऱ्याचा रेसिडेंट जेम्स ग्रँट डफ याच्या घराण्याकडून ती त्या संग्रहालयात गेली होती. ती शिवछत्रपतींचीच का, याची खात्री देता येत नाही, असं ते संग्रहालय स्वतःच म्हणतं. पुढच्याच वर्षी रघुजीराजे भोसल्यांची तलवार सदबीजच्या लिलावातून आली. राज्य शासनानं सुमारे ४७ लाख रुपये मोजून ती घेतली. दोन्ही वेळा मला आनंद झाला. पण आपलीच वस्तू एकदा उसनी घ्यावी लागली आणि एकदा विकत घ्यावी लागली, हेही मनाला लागलं.

तिसरी वाट हक्काची आहे, आणि ती तमिळनाडूनं दाखवली. १९७६ साली तंजावर भागातल्या पाथूर गावात, एका पडक्या शिवमंदिराच्या आवारात मजुराला नटराजाची ब्राँझ मूर्ती सापडली. दलालांच्या हातून ती लंडनला पोचली आणि तिथं एका कॅनडियन कंपनीनं विकत घेतली. खटला उभा राहिला. मूर्तीला चिकटलेली मातीसुद्धा पुराव्यात तपासली गेली. १९८८ साली इंग्लंडच्या न्यायालयानं ते देऊळच या मूर्तीवर हक्क सांगू शकतं, असं मान्य केलं. अपिलातही निकाल टिकला आणि १९९१ मध्ये नटराज परत आला. त्या देवळात पूजाअर्चा चालू नव्हती, बांधकाम ढासळलं होतं. तरी त्याचा हक्क संपलेला नव्हता.

मित्रहो, हा निकाल वाचताना मला आमचं पळसदेव आठवतं. उजनी धरण झालं, भीमेचं पाणी चढलं, गाव वर सरकलं आणि पळसनाथाचं प्राचीन देऊळ पाण्यात राहिलं. उन्हाळ्यात पाणी पार ओसरलं की ते उघडं पडतं. लोक होड्यांतून, चिखल तुडवत बघायला जातात, फोटो काढतात, परततात. त्या दिवसांत तिथला एखादा कोरीव दगड कुणी टेंपोत घालून नेला, तर तो आपला होता हे आपण कशावरून सिद्ध करणार? लोणी भापकरला मल्लिकार्जुनाचं देऊळ आहे, पुष्करणी आहे, अंगभर कोरीवकाम असलेला यज्ञवराह आहे. तो वराह निदान अभ्यासकांच्या नजरेत आहे. पण पारावर टेकवून ठेवलेले वीरगळ, शेताच्या बांधावरच्या सतीशिळा यांची नोंद कुठल्या दप्तरात आहे?

नोंद असली की काय होतं ते पाहा. तमिळनाडूतल्या श्रीपुरंतनच्या देवळातून चोरीला गेलेला नटराज ऑस्ट्रेलियानं २०१४ साली परत केला. ती मूर्ती त्या देवळातलीच, हे पाँडिचेरीच्या फ्रेंच संस्थेतल्या जुन्या छायाचित्रांमुळे दाखवता आलं. चोरीच्या कितीतरी वर्षं आधी कुणीतरी त्या देवळात जाऊन शांतपणे फोटो काढून ठेवले होते. १९७२ चा पुरावस्तू कायदा शंभर वर्षांपूर्वीच्या मूर्ती परदेशी नेऊ देत नाही. पण जिची नोंदच नाही, ती मूर्ती गेली हेच कायद्याला कळत नाही.

मग सगळं उचलून संग्रहालयात नेऊन ठेवावं का? काही विद्वान तसं म्हणतात, आणि त्यांची काळजी खोटी नाही. दिवेआगरला १९९७ साली सुपारीच्या बागेत सुवर्णगणेश सापडला, गावानं तो गावातच ठेवला. २०१२ च्या मार्चमध्ये दरोडा पडला, दोन पहारेकऱ्यांचा जीव गेला आणि चोरांनी ती मूर्ती वितळवली. वितळलेली मूर्ती कुठलंही न्यायालय परत देऊ शकत नाही. तरीही मी गावाच्या बाजूनं उभा आहे. ज्या दगडाला गाव रोज पाणी घालतं, त्याला काचेआड नेलं की त्याचं निम्मं आयुष्य संपतं. गावानं राखावं, आणि शासनानं राखण्याची साधनं गावाला द्यावीत. पुजारी मंडळींना मात्र हात जोडून विनंती आहे, मूर्तींना ऑइल पेंट लावू नका. ज्या खुणांवरून उद्या मूर्ती ओळखायची, त्याच त्या रंगाखाली बुजतात.

आणखी एक बोललं पाहिजे. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. त्या मोहिमेतल्या पोर्तुगीज घंटा आपल्या देवळांत आल्या. आपल्याच जिल्ह्यात भीमाशंकरला तशी एक आहे, तिच्यावर १७२९ हे साल आहे. त्या विजयाचा मला अभिमान आहे. पण लंडनच्या संग्रहालयाकडून आपण खऱ्या पाटीची अपेक्षा करतो, तर प्रत्येक घंटेपाशी ती कुठून आली हे आपणही स्वच्छ मराठीत लिहिलं पाहिजे. एवढं केलं की आपण लंडनपुढे ताठ मानेनं बोलू शकू.

आपल्या पिशवीत स्वागत समितीनं नोंदीचा एक कोरा तक्ता ठेवला आहे. मोजपट्टी ठेवून चारही बाजूंनी फोटो, लांबी-रुंदी, तुटफुटीच्या खुणा, जागेचा गट नंबर, आणि शेवटी ग्रामसभेच्या ठरावाची तारीख. एक प्रत ग्रामपंचायतीत, एक पोलिस पाटलांकडे, एक राज्याच्या पुरातत्त्व विभागाकडे. उद्या सकाळी सातला गाड्या लोणी भापकरला निघतील, पहिला तक्ता तिथंच सगळ्यांनी मिळून भरायचा आहे. चहा-नाश्ता गावकऱ्यांकडे आहे, उन्हासाठी टोपी बरोबर ठेवा.  आता परिषदाध्यक्षांनी आपलं भाषण करावं, अशी मी त्यांना विनंती करतो.