साखळी धरा गं!

आम्ही शहाडच्या, एकाच चाळीतल्या सहा जणी. प्रो कबड्डीचा हंगाम सुरू झाला की रात्रीचा स्वयंपाक आमच्याकडे लवकर आटोपतो. मग एकीच्या घरी टीव्हीसमोर सतरंजी पडते आणि भांडण सुरू होतं.

आमच्यात दोन पक्ष आहेत. काकू यू मुंबाच्या. २०१५ साली मुंबाने विजेतेपद मिळवलं, ते त्या अजून काल घडल्यासारखं सांगतात. वहिनींचं माहेर पुण्याकडचं, त्यामुळे त्या पुणेरी पलटणच्या. पलटण २०२४ च्या मार्चमध्ये हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवून पहिल्यांदा जिंकली, तेव्हा वहिनींनी चाळभर पेढे वाटले. काकूंनी पेढा खाल्ला, पण म्हणाल्या, "उशिरा का होईना!"

सगळ्यात मोठं भांडण फझल अत्राचलीवरून. हा इराणचा डावा कोपरारक्षक आधी मुंबाचा कर्णधार होता आणि नवव्या हंगामात पलटणचा झाला. काकू म्हणतात, "पोरगं आमच्याकडे वाढलं." वहिनी म्हणतात, "आमच्याकडे आलं आणि त्याच वर्षी आम्ही पहिल्यांदा अंतिम फेरीत गेलो!" त्या फेरीत पलटण जयपूरकडून हरली, हे काकू लगेच आठवण करून देतात.

पण एका गोष्टीवर दोघींचं एकमत आहे. चढाईपटू टाळ्या घेऊन जातो, सामना मात्र बचाव वाचवतो. सात जण मैदानात असतात. दोन्ही टोकांना कोपरे, आत कव्हर. शेजारचे खेळाडू हात धरून उभे राहतात, तीच साखळी. कोपऱ्याने घोटा धरला की कव्हरने त्याच क्षणी येऊन चढाईपटूला अडवायचं. एक क्षण उशीर झाला, तर तो मध्यरेषेला हात लावतो आणि त्याला धरणारे सगळे बाद. तिघांनी धरलं असेल तर तीन गुण गेले. म्हणून एकट्याने वेळेआधी झेप घेणं सगळ्यात महाग पडतं.

हे सगळं आम्हाला पाठ होतं, तरी आम्ही चुकलो. तेच आज सांगायचं आहे.

आमच्यातल्या एकीची लेक नववीत आहे. डाव्या कोपऱ्यात खेळते. गेल्या हिवाळ्यात तिचा सामना बघायला आम्ही सगळ्या गेलो. शेवटची दोन मिनिटं, एका गुणाची आघाडी. समोरची चढाईपटू तिच्या कोपऱ्यात आली आणि आम्ही कडेला उभ्या राहून ओरडलो, "धर! धर तिला!" पोरीने झेप घेतली. घोटा हातात आला, पण बाकीच्या पोहोचेपर्यंत समोरची निसटली. जाताना तिने तिघींना बाद केलं. सामना गेला.

परतीच्या रिक्षात आम्ही तिलाच बोललो. एवढी घाई कशाला केलीस, जरा थांबायचं होतंस. पोर काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी ती सरावाला गेली नाही, त्यानंतरही आठवडाभर नाही. शेवटी आईने विचारलं तेव्हा म्हणाली, "तुम्हीच ओरडलात ना धर म्हणून?"

कोणीतरी मोबाईलवर तो सामना काढला होता. आम्ही तो पुन्हा लावला. झेप लवकर होती, हे खरं. पण त्याच्या आधीच तिच्या शेजारच्या मुलीचा हात सुटलेला दिसला आणि कव्हर दोन पावलं मागे होती. आमचा आवाज तर झेपेच्या आधीचा. काकू शाळेत असताना कबड्डी खेळलेल्या. त्या म्हणाल्या, "कोपऱ्याला कव्हरचा आवाज ऐकू यायला हवा. आपण तोच बुडवला." मग सगळ्या जणी तिच्या घरी गेलो आणि आमचं चुकलं असं सरळ सांगितलं. ती लगेच हसली नाही. पण सोमवारी सरावाला गेली.

मैत्रिणींनो, आपल्या मुलींसाठी ही वाट तशीच अवघड आहे. २०१२ साली पाटण्यात महिलांचा पहिला विश्वचषक भारताने जिंकला. त्या संघात महाराष्ट्राच्या अभिलाषा म्हात्रे, दीपिका जोसेफ आणि सुवर्णा बारटक्के होत्या. २०१६ मध्ये प्रो कबड्डीबरोबर महिलांचे तीन संघ टीव्हीवर खेळले. स्टॉर्म क्वीन्सने अंतिम सामना एका गुणाने जिंकला. पुढच्या हंगामात मात्र पुरुषांचे संघ आठाचे बारा झाले आणि मुलींचे सामने दिसलेच नाहीत. अशा वेळी जी पोर मैदानात टिकून आहे, तिला कडेवरच्या माणसांनी तरी हलवू नये.

आता आम्ही सामन्याला जातो ते एक नियम ठरवून. चढाई चालू असताना तोंड बंद. पकड झाली की टाळ्या, सुटली तरी टाळ्या. आणि चूक कोणाची हे रिक्षात बोलायचं नाही. ते तिच्या प्रशिक्षकांचं काम.

टीव्हीसमोर मात्र आम्ही हवं तेवढं ओरडतो. तिथे फझलला आमचा आवाज जात नाही.