फुललेल्या सड्याची राखण



 आपली ही परिषद रत्नागिरीत भरते आहे, म्हणून विषयही रत्नागिरीचाच घेतला आहे: शहरातल्या आणि शहरालगतच्या सड्यांवर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या कातळांवर, डोंगरउतारांवर, वहाळांच्या काठी फोफावणारी देखणी परदेशी फुले आणि त्यांच्यामुळे हटत चाललेली इथली मूळची फुले.

चंपक मैदान रत्नागिरीत सर्वांच्या ओळखीचे आहे. उन्हाळ्यात तिथे तापलेल्या जांभ्याशिवाय काही दिसत नाही. सभा-मेळाव्यांना सोयीची मोकळी जागा, एवढीच त्याची ख्याती. मृगाचे पहिले पाऊस पडून गेले की याच कातळाच्या भेगांतून दिपकाडीचे कांदे फुटतात आणि सरळ उभ्या दांड्यांवर लांबट पांढरी फुले लागतात. डाल्झेल या वनस्पतिशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर हिचे शास्त्रीय वर्णन केले आणि तिच्या नावात कोकण कायमचे जोडले गेले. कोकणपट्टी आणि तिच्या लगतचा प्रदेश सोडला, तर दिपकाडी जगात कुठेही आढळत नाही. आणि रत्नागिरीकराला ती बाजारातून घरी जाता जाता भेटते!

जुलै-ऑगस्टमध्ये दिपकाडीची जागा दुसरी फुले घेतात. पाणथळ खळग्यांत गेंदाची पांढरी बोंडे डोलू लागतात. गेंदाच्या कुळातल्या एका जातीला तर शास्त्रज्ञांनी रत्नागिरीचेच नाव दिले आहे, एरिओकॉलॉन रत्नागिरिकम. शेजारीच सीतेची आसवे जांभळी-निळी पसरतात. दवबिंदू या वनस्पतीच्या पानांवरच्या केसांना चिकट थेंब असतात. चिलट त्यावर बसले की अडकते आणि वनस्पती ते पचवते. सड्यावर मातीचा थर जेमतेम, त्यात नत्र फारच कमी. ते नत्र कीटकांच्या शरीरातून मिळवायचे, असा हा संसार आहे. सीतेची आसवेही अशीच शिकार करून जगतात, फक्त त्यांचे सापळे ओल्या चिखलात दडलेले.

या गरिबीनेच सड्याला आजवर राखले. रानमोडी किंवा घाणेरीसारख्या परदेशी झुडपांना मूळ धरायला माती लागते, आणि उघड्या कातळावर ती मिळत नाही. मग ही झाडे सड्यावर पोचली कशी? डंपरमधून. प्लॉट सपाट करायला भराव येतो, रस्त्याच्या कडेला राडारोडा पडतो, चिरेखाणीच्या तोंडाशी मातीचे ढीग लागतात, सुरुंगाने कातळ फोडून कलमांसाठी माती भरली जाते. त्या मातीत बी असते. जिथे भराव तिथे पहिल्या दोन पावसाळ्यांत परदेशी झुडपांची रांग उभी राहते, आणि तिच्या सावलीत व कुजलेल्या पाल्यात गेंद आणि दवबिंदू टिकत नाहीत.

रानमोडी जवळून पाहावी. पान त्रिकोणी, त्यावर तीन ठळक शिरा, चुरगळले की उग्र दर्प. थंडीत फिकट जांभळट-पांढऱ्या फुलांचे झुबके असे दाटतात की अख्खा उतार धुके उतरल्यासारखा दिसतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये त्याच झुबक्यांतून केसाळ बी वाऱ्यावर सुटते. वाळलेल्या काड्या वणव्याला आयते जळण देतात आणि जळालेल्या खोडाला पावसात पुन्हा धुमारे फुटतात. कोयत्याने छाटून ती मरत नाही.

घाणेरीची गोष्टही अशीच. एकाच गुच्छात पिवळी, नारिंगी, गुलाबी फुले. ती पाहून कोणाचाही जीव हरखावा. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ही झुडपे शोभेसाठी कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात आणली गेली. तिची काळी फळे बुलबुलांनी खाल्ली, बी रानोमाळ टाकले, आणि आज देशातल्या वाघांच्या अधिवासाचा सुमारे 40 टक्के भाग घाणेरीने व्यापल्याचे वन्यजीव अभ्यासकांनी 2020 मध्ये दाखवून दिले. जलपर्णीसुद्धा तिच्या जांभळ्या तुऱ्यांमुळेच तळ्यांत आली. बंगालमध्ये तिने नद्या आणि भातखाचरे अशी अडवली की 1936 मध्ये तिच्याविरुद्ध कायदा करावा लागला. पुण्यात मुळा-मुठेचे आणि कोल्हापुरात पंचगंगेचे पात्र तिने कसे हिरवे केले, ते आपण पाहतोच.

जागतिक निसर्ग संवर्धन संघाच्या 100 सर्वांत उपद्रवी आक्रमक प्रजातींच्या यादीत रानमोडी, घाणेरी आणि जलपर्णी तिन्ही आहेत. त्याच यादीत वेडेलियाही आहे. पिवळ्या फुलांची ही जमिनीलगत पसरणारी वेल रोपवाटिकांत सर्रास विकली जाते आणि बंगल्याच्या कुंपणावरून वहाळात उतरते. कॉसमॉसचे केशरी ताटवे पुण्याच्या परिसरात रस्त्याकडेला पसरले आहेत. मोटारी थांबवून लोक त्यात छायाचित्रे काढतात आणि बियाणे घरी नेतात.

परदेशी म्हणून सरसकट सारी झाडे वाईट, असे इथे कोणी म्हणत नाही. दसऱ्याचा झेंडू मेक्सिकोचा, कॉसमॉसही मेक्सिकोचा, दोन्ही सूर्यफुलाच्याच कुळातले. झेंडू शेतकऱ्याने लावला तिथे राहतो, कॉसमॉस कुंपण ओलांडतो. काजू ब्राझीलहून आला आणि कोकणचा झाला. घाणेरीवर फुलपाखरे येतात, रानमोडीचा रस गावाकडे जखमेवर लावतात, कर्नाटकात सोलिगा आदिवासी घाणेरीच्या काटक्यांचे फर्निचर करतात. हे सारे खरे आहे. पण एका घाणेरीच्या जाळीसाठी पन्नास देशी जातींची जागा द्यावी, इतका तो लाभ मोठा नाही.

जैवविविधतेवरच्या आंतरशासकीय मंचाने 2023 मध्ये अहवाल दिला. जगात नोंद झालेल्या प्रजातींच्या लोपात 60 टक्के प्रकरणांत आक्रमक परकीय प्रजातींचा हात होता आणि 2019 या एका वर्षात त्यांच्यापायी झालेले नुकसान 423 अब्ज डॉलरहून अधिक होते. दिपकाडीसारखी जात जिथे उगवते त्या जागाच मोजक्या. त्यातली एकेक भरावाखाली गेली, तर ती भरून काढायला दुसरा प्रदेश नाही.

उपाय महाग नाहीत. रानमोडी पावसाळ्यात, माती भुसभुशीत असताना, फुलायच्या आत मुळासकट उपटली पाहिजे. कॉसमॉस वर्षायू आहे. बी धरण्याआधी उपटला आणि सलग काही वर्षे नेटाने पाठपुरावा केला, तर हटतो. सुशोभीकरणाच्या नावाखाली रस्त्याकडेला परदेशी बियाणे उधळणे बंद व्हायला हवे. फुलेच हवीत तर भाट्याच्या वाळूवरची जांभळी मर्यादवेल आहे, तेरडा आहे, कवला आहे. आणि सड्यावर झाडे लावण्याचा हट्टही सोडावा. उघडा कातळ ओसाड नसतो. आकेशियाची लागवड करून तो झाकणे म्हणजे तिथली बाग बुजवणे.

2002 च्या जैविक विविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत आणि नगरपरिषदेत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही बंधनकारक केली आहे. या सभागृहातल्या शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना एवढीच विनंती आहे: येत्या मृगाच्या आत आपल्या गावातल्या, प्रभागातल्या एका सड्याचा नकाशा काढा, पावसाळ्यात तिथली देशी फुले आणि घुसलेली परदेशी झुडपे दोन्ही त्या नोंदवहीत लिहून घ्या आणि त्या सड्यावर भरावाची परवानगी देण्याआधी ही नोंद पाहिली जावी, अशी मागणी समितीकडे लेखी करा.